कौलं, पत्रा की शिंगल्स? त्याआधी माळ्यावरच्या हवेचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यात आजोबांनी बांधलेलं जांभ्या चिऱ्याचं घर, ३० बाय ४० फुटांचं, दुपाखी (दोन उतारांचं), मंगलोरी कौलांचं. वाशांना ठिकठिकाणी वाळवी लागली आहे, माकडांनी कौलं फोडली आहेत, दर पावसाळ्यात माजघरात बादल्या ठेवाव्या लागतात. आईवडील बाराही महिने तिथंच असतात, तुम्ही ठाण्यात. लोणावळ्याच्या एका बंगल्यावर शिंगल्स, म्हणजे छपरावर बसवायच्या डांबरी चादरी, बघितल्यात आणि त्या मनात भरल्या आहेत. गावातला फॅब्रिकेटर म्हणतो रंगीत पत्रा टाका, वडील म्हणतात कौलंच हवीत. आणि माळ्यावर दुपारी उभं राहवत नाही, तर वर तो वाऱ्यावर फिरणारा टर्बो पंखा बसवावा का, हेही विचारलंय.

मी देवगडपासून लांज्यापर्यंतच्या पट्ट्यात अठ्ठावीस वर्षं छपरांचंच काम करतोय. वडील सुतार होते, त्यांच्या हाताखाली शाकारणी (छप्पर घालणं) शिकलो, पुढे लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि पत्र्याची कामं घेतली, शिंगल्सचीही पाच-सहा केली. त्या अनुभवावरून सांगतो. वर काय घालायचं हा तुमचा प्रश्न आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न असा की कौलं उतरवलीत की घराचा श्वास कुठून चालणार?

मंगलोरी कौल एकमेकांत अडकतं, पण चिकटत नाही. दोन कौलांच्या खाचेत बोटाच्या नखाएवढी फट राहते. पाणी उताराने खाली जातं, हवा मात्र त्या फटींतून आतबाहेर करत राहते. अडीच हजार कौलांच्या छपरात अशा किती फटी झाल्या बघा. आमच्या लहानपणी समोरच्या सड्यावरून सकाळी खाली पाहिलं की प्रत्येक घराच्या कौलांतून चुलीचा धूर झिरपताना दिसायचा, जणू सगळं छप्परच हळूहळू वाफाळतंय. धुराला वाट मिळत होती तशीच गरम हवेला आणि बाष्पालाही मिळत होती. आजोबांच्या काळी माळ्याला वेगळी हवेची सोय करावी लागली नाही ती यामुळे. पत्रा किंवा शिंगल्स घातल्या की या सगळ्या फटी एका दिवसात बंद होतात, आणि जी सोय फुकट होती ती आपल्याला मुद्दाम करून द्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती होत नाही. तक्रारी तिथूनच सुरू होतात.

एक काम सांगतो, म्हणजे लक्षात येईल. काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका घरून फोन आला: गेल्याच मे महिन्यात घातलेला पत्रा गळतोय. छप्पर मी घातलेलं नव्हतं. जानेवारीत आभाळात ढग नाही, आणि गळतंय कसं? सकाळी साडेसहाला जाऊन माळ्यावर चढलो. पत्र्याच्या आतल्या अंगाला हात लावला तर पूर्ण ओला. प्रत्येक आडव्या पाइपापाशी थेंबांची माळ लागलेली, आणि तिथून टप टप तक्तपोशीवर, म्हणजे खालच्या फळ्यांच्या छतावर. साप आणि वटवाघळं येऊ नयेत म्हणून वळचणीकडची फट सिमेंटने लिंपलेली, आढ्याकडे पत्र्याची टोपी घट्ट बसवून फोम भरलेला. खाली आंघोळीचं पाणी तापवायचा बंब, रोज संध्याकाळी भात शिजतोय, घरात सात माणसं. ते सगळं बाष्प वर चढून अडकत होतं. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेहूनही गार होतो, त्या गार पत्र्याला बाष्प लागलं की त्याचं पाणी होतं. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तेच. आम्ही वळचणीचं सिमेंट फोडून जाळी लावली, आढ्याची टोपी दीड इंच उचलली. दुसऱ्या रात्रीपासून थेंब थांबले. एक स्क्रू बदलला नाही की सिलिकॉनची एक नळी लागली नाही. पण तोवर तक्तपोशीच्या सागवानी फळ्या दोन ठिकाणी काळ्या पडून गेल्या होत्या, आणि त्या घरमालकांच्या आजोबांच्या हातच्या होत्या.

आता हवेचा हिशेब. गरम हवा वर जाते, म्हणून तिला आढ्याशी वाट हवी. पण वरून ती तेव्हाच निघेल जेव्हा खालून नवी आत येईल, म्हणून वळचणीलाही वाट हवी. दोन्हीपैकी एकच केलं तर उपयोग नाही. अमेरिकेत, जिथे शिंगल्स शंभरहून जास्त वर्षं वापरात आहेत, तिथल्या बांधकाम-नियमात माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी मोकळी जागा सांगितलेली आहे, आणि वर-खाली नीट वाटणी केली तर काही अटींवर तीनशेवा भाग चालतो. आपल्या उष्ण-दमट हवेत मी दीडशेवाच धरतो. तुमचा माळा १२०० चौरस फूट. म्हणजे एकूण ८ चौरस फूट उघडी जागा, चार खाली आणि चार वर. चार चौरस फूट म्हणजे ५७६ चौरस इंच. आढं ४० फुटांचं, त्याच्या दोन्ही अंगांना पाऊण-पाऊण इंच फट सोडली तर ७२० चौरस इंच मिळतात. जाळीत थोडं जातं, तरी पुरतं. वळचणीला दोन्ही लांब बाजू मिळून ८० फूट आहेत, तिथं एक इंच फट ठेवली तर ९६० चौरस इंच होतात. खाली थोडं जास्त असलेलं चांगलंच. इतका साधा हिशेब आहे हा, पण कुठल्याही कोटेशनमध्ये मी तो लिहिलेला पाहिलेला नाही.

जाळी मात्र डासांची लावू नका. ती निम्मी हवा अडवते आणि दोन वर्षांत कोळिष्टकांनी उरलेली निम्मीही बंद करते. पाव इंची वेल्डमेश लावा, शक्य झालं तर स्टेनलेस. साप, खार, वटवाघूळ कोणी शिरत नाही. आढ्याच्या फटीतून झडीचं पाणी आत येईल ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय असा की पत्र्याचं वरचं टोक पक्कडीने उभं वळवून घ्यायचं आणि टोपीच्या दोन्ही कडा किमान आठ इंच खाली उतरवायच्या. पाणी वाऱ्याबरोबर चढलं तरी त्या उभ्या कडेला आपटून परत फिरतं. त्रिकोणी भिंतींना झरोके ठेवणार असाल तर नैऋत्येचा वारा ज्या भिंतीवर थेट येतो ती सोडून दुसरीला ठेवा. घर चौपाखी (चार उतारांचं) असतं तर हे सगळं अवघड होतं, कारण तिथं आढं आखूड असतं आणि त्रिकोणी भिंती नसतातच. तुमचं दुपाखी आहे, हे नशीब समजा.

हे सगळं केलं तरी जुलैत माळा कोरडा होणार नाही. बाहेरचीच हवा पाण्याने भरलेली असते, ती आत घेऊन काय वाळणार? वायुवीजनाचं खरं काम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात लाकडाने प्यालेलं पाणी बाहेर काढायचं, थंडीतला घाम टाळायचा आणि उन्हाळ्यात कोंडलेली गरम हवा सोडायची. आणखी एक: हवा खेळली म्हणून तापलेला पत्रा गार होत नाही. त्याची धग सरळ खाली येतेच. ती अडवायला पत्र्याखाली चकाकी असलेला फॉइलचा थर आणि त्याच्याखाली मोकळी हवा लागते, किंवा वर दुसरं काही पांघरूण लागतं. त्याकडे पुढे येतोच.

टर्बो पंख्याबद्दल. तो मुळात कारखान्याच्या शेडसाठी आहे. तिथं खाली शटर उघडी असतात, हवा भरपूर येते. बंद माळ्यावर तो बसवला आणि वळचण लिंपलेलीच ठेवली तर तो नुसता गरगरतो, कारण ओढायला हवाच नाही. त्यासाठी पत्र्याला मोठं भोक पाडावं लागतं, आणि मला विचाराल तर छपराला पाडलेलं प्रत्येक भोक हे पुढच्या गळतीला पत्त्यासकट आमंत्रण आहे. खाऱ्या हवेत बेअरिंग धरतं, मग रात्री वारा सुटला की वरून करकर सुरू. वडिलांची झोप जाईल. आढ्याची फट आणि वळचणीची फट नीट असली तर तुमच्या घराला पंख्याची गरज नाही.

आता शिंगल्स. त्या वाईट नाहीत, माकडांपुढे तर त्या कौलांपेक्षा शंभरपट बऱ्या. फुटत नाहीत, पावसाचा आवाज होत नाही, दिसतातही सुंदर. पण शिंगल ही काचतंतूंच्या जाळीवर डांबर आणि वर खड्यांची पूड असलेली चादर आहे. तिला स्वतःचा कणा नाही. खाली सलग पृष्ठभाग लागतो, म्हणजे आपल्याकडे बहुतेक प्लायवूड. माझी हरकत त्या प्लायवूडला आहे. चार महिने ते दमट हवेत, वरून डांबराने बंद, वाळायला फक्त खालची बाजू, आणि तिथं हवा नसेल तर तीही नाही. समुद्रापासून जवळच्या एका बंगल्याचं शिंगल्सचं छप्पर मी सहाव्या वर्षी उघडलं. शिंगल्स ठणठणीत होत्या. खालच्या प्लायवूडची वळचणीकडची दीड फूट पट्टी बोटाने पापुद्रे निघावेत इतकी सुटली होती, आणि खिळ्यांची डोकी गंजून शिंगल नुसती वजनावर बसलेली होती. मालकांनी भारीतली शिंगल घेतली होती, माळ्याला मात्र एक इंचही झरोका नव्हता.

तरीही शिंगल्सच करायच्या ठरल्या, तर प्लायवूड पाणीरोधक बीडब्ल्यूपी दर्जाचं घ्या, त्याच्या सगळ्या कडा रंगवून सील करा आणि दोन पाट्यांमध्ये फुगायला किंचित फट सोडा. शिंगलखाली आस्तर पूर्ण छपरावर हवंच. खिळे स्टेनलेस, एका शिंगलला चारऐवजी सहा, कारण आपल्याकडे वादळं आहेत. काम एप्रिलच्या आत संपवा: शिंगलच्या पोटाला डांबराची चिकट पट्टी असते, ती कडक उन्हानेच एकमेकींना धरते. पावसाच्या तोंडावर घातलेल्या शिंगल्स पहिल्या वाऱ्याला उचलतात. रंग फिका निवडा, काळी शिंगल मे महिन्यात तव्यासारखी तापते. आणि आढ्यालगत तांब्याची पट्टी लावून घ्या, पावसाच्या पाण्याबरोबर तिचा अंश उतरत राहतो आणि शेवाळ कमी धरतं. एवढं सगळं करणारा माणूस तुमच्या गावाजवळ आहे का, आणि पाच वर्षांनी दोन शिंगल्स बदलायला तो येईल का, हे मला निर्णायक वाटतं. लोणावळ्यात तो मिळतो. राजापुरात मला माहीत असलेल्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच आहेत.

वडिलांच्या म्हणण्याला माझं मन आहे, हे लपवत नाही. पण निव्वळ कौलं परत घालायची तर दरवर्षी मे महिन्यात ती चाळावी (काढून, फुटकी बदलून पुन्हा लावावी) लागणार, आणि पायाखाली कौल न फोडता छपरावर चालणारी माणसं आता मिळत नाहीत. तुमचे वडील स्वतः शिडी लावून वर चढतील ही शक्यता मला सगळ्यात जास्त घाबरवते. फुटलेलं एक कौल बदलायला गेलेली वयस्क माणसं पडल्याच्या दोन घटना मी जवळून पाहिल्या आहेत.

म्हणून तुमच्यासारख्या घराला मी गेली दहा-बारा वर्षं करतोय ते सांगतो: खाली पत्रा, वर कौलं. वाळवी लागलेलं लाकूड काढून लोखंडी पाइपाचे वासे, त्यावर पत्रा, पत्र्यावर रिपा (आडव्या पट्ट्या) आणि रिपांवर तुमचीच जुनी मंगलोरी कौलं. माकडाने कौल फोडलं तरी पाणी पत्र्यावरून खाली जातं, घरात बादली लागत नाही. वडिलांना वर चढायची घाई राहत नाही. पावसाचा ताशा वाजत नाही. आणि ऊन कौलावर पडतं, पत्र्यावर नाही. कौल आणि पत्रा यांच्यामध्ये हवा वाहत असल्याने धग तिथंच विरते. मघाशी पांघरूण म्हणालो ते हेच.

यात दोन चुका सर्रास होतात. पहिली, रिपा पत्र्याच्या नाळीत (खोलगट भागात) टेकवतात. मग प्रत्येक रीप छोटा बांध होते, पाला अडतो, पाणी तुंबतं. रीप नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर बसली पाहिजे, स्क्रूही उंचवट्यातच, आणि खाली नाळ मोकळी. दुसरी, पत्रा आला म्हणून वळचण आणि आढं बंद करतात. वर कौलं दिसतात, त्यामुळे घर श्वास घेतंय असं वाटतं, पण पत्र्याखालचा माळा कोंडलेलाच असतो. वर सांगितलेला पाऊण इंच आणि एक इंच इथंही लागूच आहे. आढ्यावरचे कोने (माथ्यावरची कौलं) बसवताना गवंडी सवयीने सलग सिमेंट थापतो, तिथं तुम्ही स्वतः उभे राहा आणि फट ठेवून घ्या.

वजनाचं बघू. वळचण धरून तुमचं छप्पर साधारण १७०० चौरस फूट भरेल. शंभर चौरस फुटांना १४०-१५० कौलं लागतात, एक कौल सुकं असताना अडीच किलोच्या आसपास, म्हणजे सहा टन. नुसता अर्धा मिलिमीटरचा पत्रा घातला तर पाऊण टनही भरत नाही. हलकं छप्पर म्हणजे चांगलं, असं फॅब्रिकेटर सांगेल. भिंतींच्या दृष्टीने खरं आहे. वाऱ्याच्या दृष्टीने उलट. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागात आठवडाभर मी मदतीला होतो. कौलारू घरांची कौलं विखुरली होती, पण कितीतरी ठिकाणी सांगाडा जागेवर उभा होता. पत्र्याची छपरं मात्र पाइपांसकट सबंध उचलून शेजारच्या वाडीत पडलेली पाहिली, कारण पाइप चिऱ्यावर नुसते ठेवून सिमेंटचा गोळा मारलेला होता. तुमचा चिरा मातीत बांधलेला असेल तर भिंतीच्या माथ्यावर सळईचा काँक्रीटचा पट्टा आधी घाला आणि वासे त्यात बोल्टने बांधा. खर्च वाढेल. इतर कुठे काटकसर करायची ती करा, इथं करू नका.

कुठल्या गोष्टींवर माझं मत बदलेल तेही सांगतो. घर खाडीला किंवा समुद्राला अगदी लागून असेल तर पत्रा गंजायचा धोका मोठा, तिथं मी अॅल्युमिनियमचा पत्रा सुचवीन. फणस-आंबा छपरावर झुकलेला असेल तर कौल-पत्र्याच्या मधल्या जागेत पाला साचतो, आधी फांद्या उतरवा. भिंतींना उभे तडे असतील तर सहा टन परत चढवण्याआधी एखाद्या अभियंत्याला दाखवा. माळ्यावर खोली काढायचा विचार असेल तर सगळा हिशेब वेगळा, मग वेगळं लिहीन. माळ्यावरची जुनी वायरिंग मात्र छप्पर उघडं असतानाच बदलून घ्या, त्याला दुसरा मुहूर्त नाही.

मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. काम मार्चअखेर संपलं पाहिजे. मे महिन्यात उघडं छप्पर ठेवून ताडपत्रीवर भरवसा ठेवू नका. २०२१ मध्ये तौक्ते वादळ १६ मेच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा अर्धवट उघडी घरं मी पाहिली आहेत. आतलं धान्य, गाद्या, देव्हारा, सगळं भिजलेलं.

फॅब्रिकेटरकडून कोटेशन घेताना तीन गोष्टी लेखी मागा: पत्र्याची जाडी रंगासकट सांगितली आहे की बिनरंगाची, वासे भिंतीला कसे बांधणार, आणि आढ्याला व वळचणीला किती इंच फट ठेवणार. तिसऱ्याला “ते बघू नंतर” असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा.

आणि कौलं उतरवताना ती ट्रॅक्टरमध्ये फेकू देऊ नका. एकेक कौल डाव्या तळहातावर घेऊन उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ते अजून पन्नास वर्षं चालेल, भदभद वाजलं तर आत तडा आहे, बाजूला ठेवा. आजोबांच्या वेळची भाजणी नव्या मालात सहसा मिळत नाही. चांगली निघालेली कौलं उभी रचून ठेवा, आडवी नको. नव्या छपरावर चढवून उरतील त्यांतली शंभर-दीडशे गोठ्याच्या आडोशाला ठेवून द्या. माकडं येणारच आहेत.